तिसरा तास

दारात एक मुलगी उभी होती. नववीचा वर्ग होता, भूगोलाचा तास. फळ्यावर त्याने पृथ्वी काढली होती, तिच्या दोन्ही अंगांना फुगलेलं पाणी काढलं होतं, आणि चंद्र काढायला हात वर नेला तोच सगळी मुलं दाराकडे बघायला लागली, म्हणून त्यानेही पाहिलं. शाळेच्या गणवेशातली, किडकिडीत अंगाची, एक मोजा घोट्यावर घसरलेला, हातात चष्म्याचं घर. "कोण पाहिजे आपल्याला?" त्याने विचारलं. मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं, शेजाऱ्याने तोंडावर हात दाबावा तसं. मुलगी आत आली, टेबलावर ते घर ठेवलं आणि म्हणाली, "सर, तुमचा चष्मा. स्टाफरूममध्ये राहिला होता." मग ती वळली, वळताना वेणी खांद्यावरून मागे टाकली, आणि त्या झटक्याने त्याला कळलं की ही आपली मुलगी आहे. ठकू. सकाळी हिच्याच हातचा चहा पिऊन आपण घरातून निघालो. बसमध्ये खिडकीची जागा हिने आपल्याला दिली. खडू बोटांत मोडला. "हां," तो म्हणाला, "तर चंद्र."

चंद्र काढून झाला. आवाज नेहमीसारखाच निघत होता, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, आणि त्या आवाजाच्या आत बसून तो स्वतःची बाजू मांडत होता. उजेड तिच्या मागून येत होता, चेहऱ्यावर सावली होती. चष्मा नव्हता. डोकं चंद्रात होतं. कुणाचंही होतं असं. परवाच गणिताचे सर स्वतःची छत्री हातात धरून सगळ्यांना छत्री विचारत नव्हते का हिंडले? स्टाफरूममध्ये दिवसभर त्यावर हशा चालला होता. "मग ओहोटी केव्हा येते?" त्याने विचारलं, आणि प्रश्न पुरता संपायच्या आत सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं. फार हुशार निघाली यंदाची मुलं. शिकवायच्या आधीच येतं यांना. तसं तो स्टाफरूममध्ये चारचौघांत बोलूनही दाखवत असे, थोडं स्वतःकडे श्रेय घेत. आज मात्र त्या एका सुरातल्या उत्तराने त्याला बरं वाटलं नाही. उत्तर देताना मुलं फळ्याकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती, आजाऱ्याने पेज पूर्ण संपवली की नाही ते बघावं तसं.

सगळं पटण्यासारखं होतं, फक्त तो 'आपल्याला' हा शब्द पटत नव्हता. दारात आलेल्या पोराला तो 'काय रे', 'काय गं' म्हणायचा. मुख्याध्यापिका बाईंनासुद्धा त्याने कधी 'आपल्याला' म्हटलं नव्हतं. हा शब्द कुठून आला ते त्याला ठाऊक होतं आणि म्हणूनच तो त्या बाजूला बघत नव्हता. पण डबा खाताना, घास तोंडात असताना, लहानपणीची आत्या मनात आलीच. वडिलांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर यांच्याकडे येऊन राहिलेली. जिभेला हाड नसलेली बाई. दूधवाल्यापासून धाकट्या भावापर्यंत सगळ्यांना ती एकाच मापाने झोडायची, आणि घरात तिच्या शिव्यांची इतकी सवय होती की एखादा दिवस त्या आल्या नाहीत तर आई तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. ती आत्या हळूहळू नम्र होत गेली. आधी 'जरा' म्हणायला लागली, मग 'कृपा करून'. एके दिवशी शाळेतून येऊन तो दप्तर टाकतोय तर खाटेवरून तिने पदर सावरला आणि म्हणाली, "या, बसा ना. आपण कोणाकडे आलात?" तो पोट धरधरून हसला. आई हसली. वडील हसले नाहीत. ते आत जाऊन पाणी प्यायले आणि मोरीजवळ बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. आत्याने शेवटपर्यंत परत कुणाला शिवी दिली नाही. घरात इतकी शांतता आली की पालीचा आवाज ऐकू यायचा.

संध्याकाळी घरी ठकू भाजी चिरत होती. बायकोची बदली दुसऱ्या गावी होऊन वर्ष होत आलं होतं; ती एकाआड एक रविवारी यायची, डबे भरून ठेवायची आणि जाताना दारात दोघांना सारखीच तंबी द्यायची. तेव्हापासून स्वयंपाक ठकूने कधी हातात घेतला ते कळलंच नाही. दहावीचं वर्ष आहे, तू अभ्यास कर, मी करतो, असं तो म्हणायचा आणि ती 'होऽ' म्हणून कामाला लागायची. "आज गंमत केली तुझी वर्गात," तो म्हणाला.

"कसली?"

"ते, कोण पाहिजे आपल्याला म्हटलं ते."

"हां. मुलं हसली." सुरी चालत राहिली.

"तू नाही हसलीस."

"हसले की," ती म्हणाली. "बाहेर जाऊन."

त्याने दूध तापवलं, गॅस बंद केला, पेला घेऊन खुर्चीत येऊन बसला. ती डबा ठेवायला म्हणून ओट्यापाशी गेली आणि जाता जाता तिचा हात गॅसच्या बटणाला लागला. नुसता लागला. नळ टपकतोय का ते बघावं तसा. असे कितीतरी हात त्याला आठवायला लागले. कडीला लागलेला हात. इस्त्रीच्या पिनेला लागलेला. रस्ता ओलांडताना मनगटाला लागलेला. बोटं नव्हे, मनगट. ती चिमुरडी असताना गर्दीत तोच तिचं असं मनगट धरायचा, कारण बोटं सुटतात, मनगट सुटत नाही, आणि बायको म्हणायची, अहो, चोर पकडल्यासारखं काय धरता पोरीला. गेले काही महिने बसमधून उतरलं की ठकू त्याचं मनगट धरायची, आणि त्याला वाटायचं, मोठी झाली तरी बापाचा लळा सुटत नाही हिचा. छाती फुगायची. आता पेला हातात धरून तो त्या लळ्याकडे नव्याने बघत होता. तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. "हो गं आई," ठकू म्हणाली. "मजेत आहेत. नाही, आंघोळीला गेलेत आत्ताच. हो, जेवतात व्यवस्थित. तू कशाला काळजी करतेस?" तो खुर्चीत बसला होता. अंग कोरडं होतं, दुधावर साय धरत होती. इतकं सफाईदार खोटं त्याने पोरांच्या तोंडून आयुष्यभर ऐकलं होतं आणि दर वेळी पकडलं होतं. शाळेत त्याची ख्यातीच होती तशी. त्यात कुठे तरी एक अडखळ असते, त्याला नख लावायचं असतं. या बोलण्याला अडखळच नव्हती. खूप दिवसांच्या सवयीनं ते गुळगुळीत झालं होतं. तिला बोलावून विचारावं, असं त्याच्या मनात आलं, आणि काय विचारायचं ते समोर दिसू लागताच त्याने वर्तमानपत्र उघडलं. मग स्वतःची परीक्षा घेतली. स्टाफरूममधली माणसं, खुर्चीच्या क्रमाने. बस जिथे जिथे थांबते ते थांबे. बायकोच्या माहेरची माणसं, लांबच्या मावशीसकट. सगळं आलं. पैकीच्या पैकी. त्याने निश्चिंत श्वास सोडला, आणि ठकू दारातून आपल्याकडे बघतेय, आपले ओठ हलत होते, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

शनिवारी पालकसभा होती. त्या दिवशी शाळेत तास नसतात. पोरं मैदानावर हुंदडतात आणि पालक वर्गावर्गांतून रांगा लावतात. त्याला हा दिवस आवडायचा. पालकांसमोर तो थोडा नटही व्हायचा. पोरांना त्याने ठेवलेली टोपणनावं घरोघर पोचलेली असत आणि आयांना त्यांचा अभिमान असे: प्रत्येक गोष्टीत वाद घालणारी ती 'वकील', सारखा किती वाजले विचारणारा तो 'घड्याळ', पाठीला भिंत लागली की डोळे मिटणारा तो 'पेन्शनर'. टेबलाशी जाऊन बसतो तर ठकू आधीच तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावत उभी. "बाईंनी मदतीला पाठवलंय, सर," ती म्हणाली. शाळेत ती त्याला सरच म्हणायची, पहिल्या दिवसापासून. तो नियम त्याचाच. पालक यायला लागले. "या ना काका, सर, घड्याळाचे बाबा आलेत," ठकू मोठ्याने म्हणायची, यजमानीण असल्यासारखी, आणि हातातली उत्तरपत्रिका त्याच्यासमोर सरकवायची. "सर, पेन्शनरची आजी." कसं झकास चाललं होतं. तो विनोद करत होता, माणसं हसत होती. मग कुणीतरी ठकूला खिडकी उघडायला सांगितलं, ती तिकडे गेली, आणि समोरच्या खुर्चीत हिरव्या काठांची साडी नेसलेली एक बाई येऊन बसली. चेहरा ओळखीचा होता. ओळखीचा असून बंद होता, आपल्याच घराला दुसऱ्याचं कुलूप असावं तसा. "तुमची मुलगी फार शांत," तो म्हणाला. "वर्गात तोंड म्हणून उघडत नाही. जरा बोलतं करा तिला." बाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या आतून काहीतरी निघून गेलं. खिडकीकडून चपला झपझप वाजल्या. "सर, या वकिलाच्या आई," ठकू म्हणाली. "म्हणजे काय!" तो गडगडून हसला. "उपरोधानं बोलतोय मी. घरात तरी बोलते का हो जरा कमी?" बाईही हसल्या. निभावलं. पण उठताना त्यांनी त्याला नमस्कार केला आणि ठकूच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि अगदी हळू म्हणाल्या, "काळजी घे गं बाळा. काही लागलं तर आमच्याकडे ये." ज्याला ऐकू जाऊ नये म्हणून ते हळू बोललं गेलं होतं, त्याला ते स्वच्छ ऐकू आलं.

त्याची रांग संपली तशी त्याने टेबल सोडलं आणि पालक होऊन दहावीच्या वर्गात गेला. वर्गशिक्षिका मराठी शिकवायच्या. दोघांनी एकाच साली नोकरी धरली होती, एकाच साली दोघांचे केस पिकले होते. त्यांनी त्याला बसवलं, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "तुम्हाला काय सांगायचं, सर. सगळ्याच विषयांत घसरलीय. माझ्यात तर फारच."

"माझ्यात म्हणजे?"

"मराठीत हो. बसेल तेव्हा ना. तिसऱ्या तासाला मी तिला पाहिल्याला किती दिवस झाले! मी म्हटलं, सरच बोलावतात. ती म्हणाली, सरांना नकाशे लावायला माणूस लागतं." बाई थांबल्या. "लागतं ना?"

नकाशे तो स्वतः लावायचा. खुंटीवर दोरी कशी अडकवायची याची त्याची स्वतःची रीत होती आणि तो शिपायालासुद्धा नकाशाला हात लावू द्यायचा नाही. तिसऱ्या तासाला त्याचा नववीवर भूगोल असायचा. ठकूने चष्मा आणून दिला तो तिसरा तास होता. ती स्वतःच्या वर्गात का नाही, हे त्या दिवशी त्याच्या मनातही आलं नव्हतं. "हो," तो म्हणाला, "मीच बोलावतो. चूक माझीच. आता नाही बोलावणार." बाईंनी मान हलवली. त्या कागद चाळायला लागल्या आणि वर बघेनात, तेव्हा त्याला समजलं की या बाईंनासुद्धा नकाशांचं ठाऊक आहे.

ठकू जिन्याच्या वळणावर उभी होती. खालून मैदानावरचा कल्ला येत होता. "तिसऱ्या तासाला कुठे असतेस?" त्याने विचारलं. त्याचा तो प्रसिद्ध आवाज, ज्यापुढे पोरं पटापट कबूल व्हायची.

"प्रयोगशाळेत."

नववीच्या वर्गाला लागून प्रयोगशाळा होती. मध्ये एक दार, त्याला वरच्या बाजूला काच. "काय करतेस तिथे?"

"ऐकते."

"काय ऐकतेस?"

तिने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "भरती-ओहोटी. तिसऱ्यांदा शिकवताय तुम्ही, बाबा. दर वेळी पहिल्यापासून. मी वकिलाला सांगितलंय, कुणी हसायचं नाही आणि कुणी घरी बोलायचं नाही. चांगला आहे वर्ग. त्या दिवशी एकटा हसला तो नवीन आलाय, त्याला माहीत नव्हतं. वकिलाच्या फक्त आईला कळलंय. एकदा तुम्ही मधेच थांबलात आणि कुठे आहात ते तुम्हाला कळेना, तेव्हा मी आत येऊन म्हटलं, सर, फोन आहे. मग तुम्ही बाहेर आलात आणि ठीक झालात." आधी त्याला रागच आला, सरळ, धगधगीत राग, चाळीस पोरं आपल्याला सांभाळून घेत होती, रोज, आणि आपण त्यांच्या हुशारीचे गोडवे गात होतो. मग रागाखालची जमीन गेली. "आणि हे तू मला सांगितलं नाहीस?" तो ओरडला. "मला, तुझ्या बापाला, एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही?"

ठकू त्याच्याकडे बघत राहिली. इतकं म्हातारं बघणं त्याने फक्त दवाखान्यांच्या बाकांवर पाहिलं होतं. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोनदा. पहिल्यांदा तुम्ही रडलात. म्हणालात, आईला मीच सांगतो, तू सांगू नको. दुसऱ्यांदा चिडलात. आत्ता चिडलात तसेच. आणि परत तेच म्हणालात, आईला मीच सांगतो. मग मी म्हटलं, तिसऱ्यांदा नको. दहावी होऊ दे. सुट्टीत बघू काय ते."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. आठवायचा प्रयत्न केला. रडणं तरी आठवावं, माणूस आपलं रडणं विसरत नाही. तिथे काहीच नव्हतं. खाच नव्हती, डाग नव्हता, पुसल्याची खूण नव्हती. आपण कुठल्या खोलीत रडलो, हिने आपल्याला पाणी दिलं का, हिला जवळ घेतलं का आपण, की हिनेच आपल्याला घेतलं, हे सगळं या समोरच्या पोरीला ठाऊक होतं आणि ती एकटी ते बाळगून रोज भाजी चिरत होती. आणि हेही जाईल. ही पायरी, ही कठड्यावरची पुसलेली रेघ, हे तिचं 'दोनदा'. उद्या सकाळी ती चहा पुढे करेल आणि आपण म्हणू, यंदाची मुलं फार हुशार निघाली. हे जाण्याच्या भीतीलाच धरून तो उठला. "तू खाली जा," तो म्हणाला.

"तुम्ही कुठे जाताय?"

"मैदानावर जा म्हटलं ना. मैत्रिणी आहेत ना तिथे? जा. आणि सोमवारपासून तिसऱ्या तासाला स्वतःच्या वर्गात बसायचं. बाप म्हणून सांगतोय."

"आणि तुमच्या वर्गात?"

"ते मी बघतो."

"असंच म्हणालात तेव्हाही," ती म्हणाली, पण गेली. तिची पावलं तळापर्यंत उतरेपर्यंत तो उभा राहिला आणि मग जवळजवळ धावत सुटला. गॅलरी लांब होती. वाटेत पालक नमस्कार करत होते, कुणी थांबवू बघत होतं, तो हात जोडून पुढे जात होता आणि तोंडातल्या तोंडात एक वाक्य म्हणत होता; चांगलं, नीटस, मास्तराला शोभेल असं, 'माझ्या प्रकृतीच्या कारणास्तव' असं सुरू होणारं. मुख्याध्यापिका बाई एकट्याच होत्या. त्याने दार ढकललं, खुर्चीची पाठ धरली आणि वाक्य उघडलं, तर आत काही नव्हतं. बाई वाट बघत होत्या. पंखा फिरत होता. इथे कुणी उत्तरपत्रिका सरकवणार नव्हतं. "बाई," तो म्हणाला, "मी विसरायला लागलोय. वर्गात उभं राहण्याच्या लायकीचा नाही राहिलो मी."

बाईंनी हातातलं काम बाजूला केलं. आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर आलं, पण थोडं उशिरा आलं. "कधीपासून होतंय असं, सर?"

हे फक्त ठकूला माहीत. तो दाराशी गेला. खाली मैदानाच्या कडेला नळाच्या रांगेपाशी मुली एकमेकींवर पाणी उडवत होत्या. त्यांच्यात ती होती, बाह्या भिजलेल्या, ओंजळ भरून कुणाच्या तरी मागे पळत. एक हाक मारली असती तर ती वर आली असती, ओंजळ सोडून, ओले हात फ्रॉकला पुसत, आणि तिने सगळं सांगितलं असतं, दिवस-वार, न चुकता. तो दार लोटून आत आला. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी आता बायकोला फोन लावतोय. तुमच्यासमोर. तुम्ही मला या खोलीतून जाऊ देऊ नका. बाहेर गेलो की मला वाटेल, सांगून झालं."

पलीकडे घंटी वाजत राहिली. तो ओठ आवळून उभा होता, तोंडात पाणी धरावं तसा. बायकोने फोन उचलला, "अहो, आत्ता? पालकसभा नाही का आज?" म्हणाली, आणि त्याने सांगून टाकलं. भरती-ओहोटी, नकाशे, प्रयोगशाळा, दोनदा. मधे एका ठिकाणी तो थांबला तेव्हा बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"मी निघते," बायको म्हणाली. तिचा आवाज कुणीतरी मुरगळून वाळत घातल्यासारखा होता. "संध्याकाळपर्यंत पोचते. तुम्ही तिथेच बसा. ठकू कुठेय?"

"खाली. नळावर."

"काय करतेय?"

"खेळतेय."

"खेळू दे," बायको म्हणाली. तो पालकांच्या खुर्चीत बसला. बाईंनी शिपायाला बोलावून सांगितलं की आता कुणाला आत सोडू नको, आणि त्या उठून खिडकीपाशी जाऊन त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बाहेर सभा उठत होती, बाकं सरकवल्याचे आवाज येत होते. त्याने फोन दोन्ही हातांत घट्ट धरला होता. संध्याकाळ अजून फार लांब होती, आणि तिथपर्यंत त्याला एकट्यानेच पोचायचं होतं.